आठव्या होलच्या अकरा पायऱ्या

बस एर्लांगेनच्या मार्टिन-लुथर-प्लाट्झला वळली आणि मी सहज म्हणून क्लबच्या ॲपमध्ये दुपारची यादी उघडली. बुधवारी आमच्याकडे बायकांची दुपार असते, डामेननाखमिटाग, नऊ होल आणि नंतर केक. एक चाळीसला रेनाटे आणि मी. यादीत स्वतःचं नाव अकरा महिन्यांनी बघून आधी नुसतं बरं वाटलं. मग नावाच्या पुढे एक बारीकसं चित्र दिसलं, चार चाकं आणि वर छत. कार्ट. म्हणजे मी आज गोल्फ खेळणार ते बसून, एका फटक्यापासून दुसऱ्या फटक्यापर्यंत गाडीतून, पालखीतल्या देवासारखी. मी कार्ट मागवली नव्हती. रेनाटेनं मागवली असणं शक्य नाही. ती शहात्तर वर्षांची आहे, तिचे दोन्ही खुबे बदललेले आहेत आणि जो चालू शकतो त्यानं कार्टमध्ये बसू नये असं तिचं मत आहे, जे ती कार्टमध्ये बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. उरलं एकच माणूस. माझे कान तापले. रागानं माझे आधी कान तापतात, लहानपणापासून. समोरच्या सीटवरचा एक विद्यार्थी माझ्याकडे बघून उठायला लागला, बहुधा त्याला वाटलं बाईंना बरं वाटत नाहीये. मी त्याला हातानंच बस म्हटलं. बसमध्ये मी मुद्दाम उभी राहते. जुलैपासून उभी राहते आहे.

उरलेलं माणूस म्हणजे भास्कर, माझे यजमान. सदतीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या गोल्फमध्ये कधी नाक खुपसलं नव्हतं, कारण गोल्फ ही गोष्ट त्यांच्या लेखी नव्हतीच. एवढंसं भोक आणि त्यासाठी एवढी जमीन, असं ते एकदा म्हणाले आणि विषय संपला. चौदा वर्षं मी खेळते आहे, चौदा वर्षांत त्यांनी मला एकदाही चेंडू मारताना बघितलेलं नाही. आणि आता त्यांनी माझ्यासाठी एक फॉर्म भरून ठेवला होता. गेले दहा दिवस तो आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीठ-मिरपुडीच्या बाटल्यांखाली पडलेला होता, पासिव्ह मिटग्लीडशाफ्टचा अर्ज. पासिव्ह सभासद म्हणजे ज्यानं क्लबच्या गच्चीवर बसून कॉफी प्यायची, ख्रिसमसच्या जेवणाला यायचं आणि बाकीचे खेळतात ते बघायचं. पुढच्या वर्षापासून तसं व्हायचं असेल तर तीस सप्टेंबरच्या आत कळवावं लागतं. भास्करांनी त्यांच्या सुवाच्य अक्षरात नाव, पत्ता, सभासद क्रमांक, जन्मतारीख सगळं भरलं होतं. फक्त माझी सही राहिली होती. ते काही बोलले नाहीत, बोलायची त्यांची पद्धत नाही, ते कागद ठेवतात. मीच परवा घटस्थापनेच्या दिवशी जेवताना म्हणून बसले, की बुधवारी जर मी चालत नऊ होल पुरे केले नाहीत तर संध्याकाळी सही करते. बोलून गेले आणि मग ते खरं झालं. आता सहा दिवस उरले होते तीस तारखेला, आणि बुधवार एकच होता.

मी बसमधूनच क्लबला फोन लावला. सेक्रेटरी बाई गोड आहेत. त्या म्हणाल्या, आल्झो, तुमच्या मिस्टरांचा ईमेल आला होता, किती काळजी घेतात ना. मी म्हटलं हो, फार घेतात, आणि कार्ट रद्द करा. त्यांनी दोनदा विचारलं नक्की का. मी म्हटलं गेनाऊ, नक्की. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माझी आई माझ्याबद्दल चारचौघांत सांगायची. तेव्हा ते टोचायचं, आता ते एखाद्या पदवीसारखं नावामागे लावावंसं वाटतं.

तसं बघायला गेलं तर माझ्या खुब्याचं दुखणं मला डॉक्टरांच्या आधी कळलं. तीस वर्षं मी इथल्या कंपनीत एक्स-रे आणि सीटीच्या चित्रांवर काम केलं, दुसऱ्यांची हाडं पडद्यावर स्वच्छ दिसावीत म्हणून गणितं केली. गेल्या नोव्हेंबरात ऑर्थोपेडच्या खोलीत माझी फिल्म लागली आणि ते खुर्ची ओढून बसेपर्यंत माझी उजव्या सांध्यातली फट शोधून झाली होती. फट नव्हतीच. हाडावर हाड. मला धक्का बसायच्या आधी मनात आलं, काय कडा आल्या आहेत, काय सुरेख कॉन्ट्रास्ट आहे. आणि मग नजर सवयीनं दुसऱ्या बाजूला गेली. डावीकडे फट होती, पण जितकी असायला हवी तितकी नव्हती. डॉक्टर म्हणाले, हा पण फार दिवस काढणार नाही, पण आज आपण उजव्याबद्दल बोलू. भास्कर त्या दिवशी ड्रेस्डेनला उर्जाकडे गेले होते, आमच्या लेकीकडे. ते परत आल्यावर मी त्यांना उजव्याबद्दल सांगितलं. डाव्याबद्दल नाही सांगितलं. एका वेळी एक, असं स्वतःला म्हटलं, आणि मग ते सांगायचं राहूनच गेलं. राहून गेलं म्हणणं खोटं आहे. मी ते ठेवून दिलं.

भास्करांची भीती मला समजत नव्हती असं नाही. विद्यापीठात त्यांचा सगळा जन्म सिरॅमिकमध्ये गेला, आणि माझ्या मांडीच्या हाडाच्या टोकावर आता बसवलेला गुलाबी गोळा सिरॅमिकचाच आहे. ऑपरेशनच्या आधी त्यांनी सर्जनना त्या गोळ्याच्या कणांचा आकार विचारला. सर्जन हसले, मग त्यांना कळलं की हा माणूस हसत नाहीये. धातू वाकतो, कुरकुरतो, आधी सांगतो तरी. सिरॅमिक सांगत नाही, असं भास्कर मला घरी येताना गाडीत म्हणाले. हजारात एखादा तुटतो, तोही पूर्वी, हेही म्हणाले, पण आधीचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. फेब्रुवारीत उजवा खुबा नवा झाला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझी मुंगी तीन आठवडे रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, कुबड्या घेऊन कॉरिडॉर मोजत होती. तिथं फ्राऊ लिंडनर नावाची फिजिओ होती, माझ्या उर्जापेक्षाही लहान, मनगटं पैलवानासारखी. जिन्यापाशी उभं करून ती रोज एकच गोष्ट म्हणवून घ्यायची. चांगले जातात स्वर्गात, वाईट जातात नरकात. म्हणजे चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना आजारी पाय आधी खाली. इथल्या प्रत्येक खुबेवाल्याला हे पाठ असतं, जसं आपल्याकडे शुभंकरोति. माझा आजारी पाय उजवा. म्हणजे चढताना डावा आधी. मी म्हटलं बरं. आणि मनात कुठंतरी काहीतरी अडलं, पण काय ते तेव्हा कळलं नाही.

ते काय होतं हे समजायला सदतीस वर्षं मागे जावं लागतं, नाशिकला कॉलेज रोडवर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या दारात. मी नवी नवरी, समोर तांदळाचं माप, मागे पंचवीस बायका आणि खालच्या मजल्यापर्यंत लागलेली रांग. उजव्या पायाच्या जोडव्यांनी बोटं सुजली होती, सकाळपासून मी भार डाव्यावर घेत होते, आणि कुणीतरी चल गं म्हटल्याबरोबर जो पाय पुढे गेला तो डावा. माप कलंडलं, गडगडत चपलांच्या स्टँडखाली गेलं. असं शांत झालं की खालच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू आला. भास्करांच्या आत्याबाई म्हणाल्या, अगं बाई, डावा. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी तोवर चार वाक्यंही बोलताना ऐकलं नव्हतं, त्या खाली वाकून तांदूळ गोळा करता करता म्हणाल्या, ‘सांडले ते घरातच सांडले ना? मग झालं तर.’ तेवढ्यावर ते मिटलं. सासूबाईंनी तो विषय जन्मात पुन्हा काढला नाही. आत्याबाईंनी मात्र सोडला नाही. आम्ही जर्मनीला निघालो तेव्हाही त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीचा पायच उलटा पडला होता, घरात ठरेल कशी. त्या दिवशी विमानात चढताना मी उजवं पाऊल आधी टाकलं. कंपनीच्या दारात पहिल्या दिवशी उजवं. या घराची किल्ली मिळाली तेव्हा उजवं. आणि क्लबमध्ये, चौदा वर्षांत, प्रत्येक टीवर चढताना, म्हणजे जिथून होलचा पहिला फटका मारतात त्या सपाट चौथऱ्यावर, उजवं. मी अंधश्रद्ध नाही. एका बाईला खोटं पाडायचं आहे, इतकंच. आत्याबाई जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून काय झालं.

तर मार्चच्या पंधरा तारखेला रेहा संपवून मी घरी आले. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. टॅक्सीवाल्यानं बॅग ठेवली आणि तो गेला. वर उंबऱ्यात भास्कर उभे होते, हातात तबक. मला वाटलं मी भलतीकडेच बघते आहे. या माणसानं आयुष्यात कुणाला ओवाळलेलं नाही, याला निरांजन कुठल्या कप्प्यात असतं ते ठाऊक नसेल असं मी पैजेवर सांगितलं असतं. सुपारी नव्हती म्हणून त्यांनी तबकात बदाम ठेवला होता. कुंकू, अक्षता, निरांजन, बदाम. त्या बदामाकडे बघता बघता मी तीन आठवड्यांचं सगळं विसरले. कुबड्या होत्या, फ्राऊ लिंडनर होती, स्वर्ग आणि नरक होते, सगळं विसरले, आणि घरात शिरताना जे पाऊल शिरायचं तेच टाकलं. उजवं. त्याच्यावर अख्खा भार देऊन वर उचलले आणि खुब्यातून जीवच निघून गेला. पाय आहे की नाही कळेना. भास्करांनी तबक सोडलं आणि मला धरलं. त्यांची पाठ दारावर आपटली, आम्ही दोघंही तिथंच बसत बसत खाली आलो. निरांजन पायपुसण्यावर पडून विझलं. कुंकवाचा डाग अजून आहे त्या पायरीवर, फरशीच्या छिद्रांत शिरलेला, कितीही घासला तरी पुसट होत जातो पण जात नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊन फोटो काढला, काही झालं नव्हतं. पण परतताना गाडीत भास्करांचे हात स्टिअरिंगवर असे होते जसे काही ते अजून मलाच धरून आहेत. त्या दिवसापासून ते माझ्या मागे जिना चढतात, माझ्या पुढे उतरतात. माझ्या प्रत्येक पावलाकडे बघतात. प्रेमच आहे ते, मला कळतं. पण बघितलं जाणं आणि राखलं जाणं यांत फरक आहे, आणि सहा महिने कुणी आपल्याला राखत राहिलं की आपण राखेच्याच लायकीचे आहोत असं वाटायला लागतं.

क्लबवर पोचले तेव्हा रेनाटे ट्रॉलीला टेकून वाट बघत होती. निळी टोपी, निळं जाकीट. मीही निळा टी-शर्ट घातला होता, नवरात्रातला आजचा रंग निळा म्हणून. तिचा योगायोग होता, तिला मी ते समजावून सांगितलं तर ती म्हणाली मग उद्याचा रंगही सांगून ठेव. आमच्या क्लबात खुब्याची चौकशी गोत्र विचारल्यासारखी होते. कुठली बाजू, कुठलं हॉस्पिटल, सिमेंटचा की बिनसिमेंटचा. रेनाटेनं माझ्याभोवती एक चक्कर मारून मला नीट बघितलं, घोडा विकत घेताना बघतात तसं, आणि म्हणाली चल. पहिल्या टीला एकच पायरी आहे. मी डावा पाय आधी टाकला. सहा महिन्यांत ती सवय झाली होती, मार्चनं लावलेली, आणि दर वेळी ती टाकताना कॉलेज रोडवरचा रेडिओ ऐकू यायचा. चेंडू टीवर ठेवायला वाकायचं होतं. मी एका हातानं क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठीवर, रेलले, एक पाय मागे उचलला आणि पुढे झुकले, आणि टी, चेंडू ठेवायची ती बारीक खुंटी, जमिनीत गेली. रेनाटे तिच्या पटरच्या, म्हणजे चेंडू भोकात ढकलायच्या काठीच्या, मागे रबराची वाटी लावते, चेंडू भोकातून न वाकता उचलायला. माझ्यासाठी तिनं तशीच एक नवी आणली होती, ती मी आभार मानून पिशवीत टाकली.

पहिला फटका मला आठवायचा आहे आणि आठवत नाही. आठवतं ते त्याच्या आधीचं. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे काठी मागे नेताना, शरीर उजवीकडे वळतं आणि सगळा भार उजव्या खुब्यावर येऊन क्षणभर थांबतो. त्या क्षणाला मी सात महिने भीत होते. उन्हाळ्यात सरावाच्या मैदानावर अर्धे फटके मारले होते, अर्धाच भार टाकून, आणि प्रत्येक वेळी भास्करांचं वाक्य ऐकू यायचं, सिरॅमिक सांगत नाही. आता मी वळले, भार गेला, आणि तिथं काहीच नव्हतं. दुखणं नव्हतं, कुरकुर नव्हती, ती जुनी गंजल्या कडीसारखी ओढ नव्हती. इतकं काहीच नव्हतं की मला पोरकं वाटलं. पाच वर्षं जिथं सतत कुणीतरी बोलत होतं ती खोली एकदम रिकामी. मग चेंडू गेला. फार लांब नाही, शंभरेक मीटर, पण सरळ. रेनाटे म्हणाली, ‘हो.’ नुसतं हो. तिच्याकडून ते म्हणजे टाळ्यांचा कडकडाट आहे.

चालायला लागले. गवत सप्टेंबरचं, वरून कोरडं आणि खाली ओलं, बुटांना चिकटणारं. पहिले चार होल मी काय खेळले ते कार्डावर आहे, सहा, सात, पाच, आठ. आठ म्हणजे वाळूच्या खड्ड्यात तीन फटके गेले. मी प्रत्येक फटका मोजला आणि रेनाटेनं लिहिला. चालताना मला कसला तरी उन्माद चढत होता, आणि मी तो चढू दिला. बासष्टव्या वर्षी आणि दुसऱ्यांनी घडवलेल्या हाडावर मी एका अशा देशात चालत होते जिथं पहिली तीन वर्षं मला दुकानाच्या गल्ल्यापाशी पिशवीत भाजी भरताना रडू यायचं, कारण मागचा माणूस उसासा टाकायचा. त्या देशातल्या एका टेकडीवर आता लोक मला वाट देऊन थांबत होते, कारण माझी खेळायची पाळी होती. गेल्या महिन्यात उर्जाच्या लेकीनं, ओवीनं, व्हिडिओवर विचारलं, जर्मनमध्येच, की आजीच्या आत आता यंत्र आहे का. मी मराठीत सांगितलं, यंत्र नाही गं, मडकं आहे, आजोबांच्या भट्टीतलं. ती हसून लोळली. मलाही तेव्हा गंमत वाटली होती. आता चालताना वाटलं की खरंच आहे, कच्चं मडकं नाही, भाजून निघालेलं आहे.

सहाव्या होलपासून दुखायला लागलं. आधी मी लक्ष दिलं नाही. मग ते मांडीच्या आतल्या बाजूनं गुडघ्यापर्यंत उतरलं, ओळखीचं, जुनं, नेमकं तेच जे पाच वर्षं सोसलं होतं. मनात आलं, गेला. गोळा गेला, भास्कर बरोबर होते, सांगितलंही नाही. मी ट्रॉलीला धरून उभी राहिले. रेनाटे पुढे गेली होती, तिनं वळून बघितलं पण आली नाही, वळून बघून तिथंच थांबली, याबद्दल मी तिची कायमची ऋणी राहीन. सातवा मी कसाबसा खेळले, नऊ फटके. आणि मग आठवा. आठव्या होलची टी उंच बांधावर आहे, पुढे तळं म्हणून. वर जायला जुन्या रेल्वे-स्लीपरच्या अकरा पायऱ्या, कठडा नाही. कार्टसाठी मागून लांबचा वळसा आहे. मी पायऱ्यांच्या तळाशी उभी राहिले आणि वर बघितलं, आणि मग का कोण जाणे, उजवीकडे. तिथं क्लबचं कुंपण आहे आणि कुंपणापलीकडून जंगलातून येणारा सायकलचा रस्ता. कुंपणाला टेकून एक सायकल उभी होती, आणि तिच्याजवळ एक पिवळं हेल्मेट. असलं पिवळं हेल्मेट एर्लांगेनमध्ये एकच आहे. ते बेकरीतसुद्धा डोक्यावरून उतरत नाही. भास्कर हातातल्या फोनकडे बघत होते, इतकं लक्ष देऊन की त्यांना काहीही दिसत नसणार. बारा किलोमीटर आले होते. कार्ट रद्द झाल्याचं क्लबनं त्यांना कळवलं असणार, आणि मग ते स्वतः निघाले असणार, मी पडले तर धरायला, कुंपणाच्या पलीकडून.

आता रागानं कान तापायला हवे होते. पण तसं झालं नाही. डोळे भरून आले आणि त्यामागून एक भलताच स्वच्छ विचार आला, एक्स-रेवर कड दिसावी तसा. दुखतंय कुठं? मी हात लावून बघितला. मांडीच्या आत, खुब्यात, गुडघ्यापर्यंत. डावीकडे. उजव्याला काही झालेलंच नव्हतं. उजवा गेले सात होल मूग गिळून काम करत होता. फटका मारून झाल्यावर सगळं शरीर डाव्यावर फिरतं आणि तोच कुरकुरत होता, तोच, ज्याची फट नोव्हेंबरात पुरेशी नव्हती, ज्याच्याबद्दल मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. रेनाटे मागून येऊन शेजारी उभी राहिली. मी तिला सांगितलं, दुखतंय, पण डावा. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिचंही तसंच झालं होतं, आधी एक, दोन वर्षांनी दुसरा. ती पायऱ्यांकडे बघून म्हणाली, ‘मग आता तुझा चांगला पाय कुठला?’ मी तिच्याकडे बघत राहिले. चांगले जातात स्वर्गात. माझा चांगला पाय आता उजवा होता. फ्राऊ लिंडनरच्या हिशेबानं उजवा, आणि नाशिकच्या आत्याबाईंच्या हिशेबानंही उजवा. जन्मात पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं होतं.

मी ट्रॉली खाली ठेवली, एक क्लब आणि एक चेंडू घेतला आणि उजवं पाऊल पहिल्या पायरीवर टाकलं. भार दिला. सगळा दिला, हातचा राखून नाही. उचलले गेले. डावा मागून आला, नव्या नवरीच्या मागून करवली येते तसा. पुन्हा उजवा. अकरा पायऱ्या, अकराही वेळा उजवा आधी. वर पोचले तेव्हा धाप लागली होती आणि मी सुनेसारखी नाही, सासूसारखी उभी होते. कुंपणाकडे बघितलं नाही, पण मला ठाऊक होतं की आता तो फोन खिशात गेला असणार. तळं पलीकडे, झेंडा एकशे बारा मीटरवर. मी वाकून टी लावली, वळले, भार उजव्यावर नेला, थांबवला, आणि मारलं. चेंडू तळ्यावरून गेला. झेंड्याजवळ वगैरे पडला नाही, हिरवळीच्या अलीकडे उंच गवतात पडला, पण कोरड्यात पडला. तेव्हा बघितलं. भास्करांनी हेल्मेट काढून हातात धरलं होतं. डोक्यावरचे चार पांढरे केस उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा असा होता जसा मी एकदाच पाहिला आहे, भट्टीचं दार उघडून आतला तुकडा अखंड आहे हे बघतानाचा. मी हात केला नाही. त्यांनीही केला नाही. मी पायऱ्या उतरले, डावा आधी.

नऊ होलचे एकोणसाठ फटके झाले. केक खाल्ला, कार्डावर सही केली, बसनं घरी आले, बसमध्ये मात्र बसले. भास्कर आधी पोचले होते. हेल्मेट खुंटीला होतं, कपाळावर त्याचा वळ होता, आणि ते कांदा चिरत होते, दुपारभर दुसरं काही केलंच नाही अशा थाटात. ताकाला जाऊन भांडं लपवणं यांना कधी जमलेलं नाही. त्यांनी विचारलं कसं झालं. मी म्हटलं पुरे केले. ते म्हणाले बरं. आणि मग सुरी ठेवून, हात धुऊन, पुसून ते टेबलाशी गेले आणि बाटल्यांखालचा फॉर्म काढून फाडायला लागले. मी थांबवलं. त्यांच्या हातातून तो घेतला, वही लिहायची असते तसं नीट बसले, आणि ‘मालिनी’ खोडून त्यावर ‘भास्कर’ लिहिलं. जन्मतारीख खोडली, त्यांची लिहिली. सभासद क्रमांकाच्या जागी ‘नवीन’ लिहिलं. फॉर्म त्यांच्याकडे फिरवला.

‘इथं सही करा.’

त्यांनी चष्मा लावला आणि सगळा अर्ज वाचला, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट. ते काहीही न वाचता सही करत नाहीत, आमच्या लग्नाच्या नोंदणीच्या वेळीही भटजींना ताटकळत ठेवलं होतं. मग म्हणाले, यात खेळता येत नाही, नुसतं बसून बघता येतं.

‘तेच तर करायचंय तुम्हाला. मग कुंपणाबाहेरून कशाला?’

ते लाजले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, विद्यापीठाचा माजी प्राध्यापक, कानापर्यंत लाल झाला. मग त्यांनी सही केली, आणि खाली तारीख घातली, आणि पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लावताना खाली बघूनच म्हणाले, ‘आणि डावा?’

नोव्हेंबरातला डॉक्टरांचा रिपोर्ट मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. काहीही वाचल्याशिवाय न सोडणाऱ्या माणसाच्या घरात. म्हणजे दहा महिने त्यांना ठाऊक होतं, आणि दहा महिने ते वाट बघत होते की मी सांगेन. मार्चमध्ये मी पडले तेव्हाही ठाऊक होतं. तो फॉर्म उजव्या पायासाठी नव्हताच. मला वाटत होतं मी त्यांच्यापासून लपवते आहे, आणि ते मला लपवू देत होते, जपून, जिन्यावर मागे मागे येत. फार वाईट वाटलं. आणि त्या वाईटातूनही, दुखऱ्या मांडीवर हात ठेवून बसलेली असताना, दुपारपासूनचा अभिमान तसाच ताठ उभा होता. मी तो खाली बसवला नाही.

‘जानेवारीत करू,’ मी म्हटलं. ‘मार्चपर्यंत घरी येईन. या खेपेला सुपारी आणून ठेवा, बदाम नको. आणि तबक घट्ट धरा, सोडायची वेळ येणार नाही. आजारी पाय डावा असेल. दारात उजवंच पाऊल आधी पडेल.’